ब्रशवरची लाल रेघ

पर्युषण संपते तेव्हा मावळातला पाऊस पुरता सरलेला नसतो. मळवली स्थानकाबाहेर उभे राहिले की लोहगड-विसापूरच्या माथ्यांवर ढग रेंगाळताना दिसतात, भाज्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने पाणी वाहत असते आणि भातखाचरे पोपटी झालेली असतात. अशाच एका सकाळी, स्थानकाजवळ किराणा दुकान चालवणारे एक जैन कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. घरातल्या सूनबाईंची अठ्ठाई निर्विघ्न पार पडली, पारणे झाले, सुखसाता विचारायला येणाऱ्या नातेवाइकांची वर्दळ ओसरली. नवकारशी झाल्यावर त्यांनी आठ-नऊ दिवसांनी प्रथमच दातांना ब्रश लावला आणि तोंडातले पाणी बेसिनमध्ये टाकताच त्यात लाल रेघ उमटली.

"आई, हिरड्यांतून रक्त आलं," त्या घाबरून म्हणाल्या.

"ब्रश ठेव बाजूला. त्या टोचणाऱ्या केसांनीच येतं ते," सासूबाईंनी सांगितले. "माझंही यायचं. चार वर्षांपूर्वी ब्रश सोडला, बोटानं मीठ-हळद लावायला लागले, तेव्हापासून थेंब नाही बघ."

भाज्याहून घरकामाला येणाऱ्या मावशी भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "वहिनी, माझ्या तर जन्मात कधी आलं नाही. मी मिश्री लावते ना."

शेजारच्या काकूंनी दुपारी आणखी एक उपाय सुचवला. आठ दिवस पोटात काही नव्हते, जीवनसत्त्वे कमी पडली असणार, तेव्हा लिंबू चोखावे.

ही तिघींची तीन मते महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात ऐकू येतात. तिन्ही मतांमागे काही ना काही अनुभव आहे, आणि तरीही तिन्ही चुकीच्या दिशेला नेतात. त्यांतले सर्वांत घातक मत सासूबाईंचे आहे; कारण ते ऐकायला सर्वांत समंजस वाटते.

निरोगी हिरडीतून मऊ ब्रशने रक्त येत नाही, इतके एक वाक्य पक्के लक्षात ठेवले तरी पुढचे सारे समजायला सोपे जाते. हाताच्या त्वचेवर मऊ ब्रश फिरवला तर रक्त येत नाही, हिरडीचेही तसेच. रक्त येते याचा अर्थ तेथील त्वचा आधीच दुखावलेली, सुजलेली आहे. ब्रश केवळ ती गोष्ट उघड करतो.

ती दुखावते कशाने? दात स्वच्छ घासल्यानंतर काही तासांतच त्यांच्यावर जिवाणूंचा एक चिकट, जवळजवळ अदृश्य थर पुन्हा बसू लागतो. दंतवैद्य त्याला प्लाक म्हणतात. जिभेने चाचपले असता सकाळी दात खरबरीत, लिबलिबीत लागतात तो हाच. हा थर दाताच्या मध्यभागी फारसा टिकत नाही; गालांच्या आणि जिभेच्या हालचालीने तो पुसला जातो. हिरडी जेथे दाताला भेटते तेथे एक बारीक खाच असते. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते. थर साचतो तो या खाचेच्या काठावर. तेथील जिवाणूंच्या उत्सर्जनाने हिरडीला त्रास होतो, शरीर प्रतिकारासाठी त्या जागी अधिक रक्त पाठवते, सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात, हिरडीची आतली बाजू पातळ आणि हळवी होते. गुलाबी, दाताला घट्ट बिलगलेली हिरडी लालसर, फुगीर, चकचकीत दिसू लागते. मग ब्रशचा स्पर्श पुरतो. कधी पेरूचा घास पुरतो. यात वेदना जवळजवळ नसते, आणि वेदना नसल्यामुळेच लोक वर्षानुवर्षे स्वस्थ बसतात.

थर तसाच राहिला तर लाळेतील क्षार त्यात उतरून तो दगडासारखा कठीण होतो. यालाच घरोघरी कीटण म्हणतात. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूला ते सर्वांत लवकर जमते, कारण लाळग्रंथींची तोंडे तेथेच जवळ उघडतात. एकदा कीटण झाले की ते ब्रशने निघत नाही, मिठाने निघत नाही, आणि पिनेने वा सुईने खरवडण्याचा उद्योग तर कोणी करूच नये.

सूनबाईंच्या बाबतीत जे घडले त्याचा जणू नमुनाच १९६५ साली डेन्मार्कमधील आर्हूस येथे नोंदला गेला होता. हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. १० ते २१ दिवसांच्या आत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. एकही सुटला नाही. त्यानंतर त्यांनी पुन्हा नीट दात घासायला सुरुवात केली आणि सुमारे आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध दिले नव्हते, आहार बदलला नव्हता. जिवाणूंचा थर साचू दिला तेव्हा रोग झाला, थर काढला तेव्हा तो गेला. हिरड्यांच्या रक्तस्रावाचे मूळ कारण इतक्या स्वच्छपणे दाखवणारा प्रयोग दंतवैद्यकात दुसरा क्वचितच असेल.

अठ्ठाईत तपस्वी दात घासत नाहीत. साधू-साध्वींच्या आचारात दंतधावनाचा त्याग आहे. दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत तर अदंतधावनाची स्वतंत्र गणना आहे. श्रावक-श्राविका पच्चक्खाणाच्या दिवसांपुरती तीच मर्यादा पाळतात. आठ दिवस हा कालावधी आर्हूसच्या प्रयोगातील अवधीच्या अलीकडचा आहे. ज्यांच्या हिरड्या मुळात निरोगी आहेत त्यांना एवढ्यात फारसे काही होत नाही, आणि झालेच तर ते मागे फिरणारे असते. पण ज्यांच्या हिरड्यांत सूज आधीपासूनच थोडी दबा धरून होती, त्यांना आठव्या-नवव्या दिवशी ती लाल रेघ दिसते. मासखमणासारख्या ३० उपवासांच्या तपश्चर्येत तर ती बहुतेकांना दिसणारच. यात तपाचा दोष नाही. दोष पारण्यानंतर ब्रश उचलायला घाबरण्यात आहे.

तेव्हा सूनबाईंनी करायचे ते सासूबाईंच्या सल्ल्याच्या नेमके उलट. रक्त ज्या जागी येते तीच जागा अधिक काळजीने घासायची. मात्र अधिक जोराने नव्हे. मऊ केसांचा ब्रश घ्यावा, तो हिरडी आणि दात यांच्या संधीवर तिरका टेकवावा आणि जागच्या जागी अगदी लहान हालचाली करत पुढे सरकावे. आडवा करवतीसारखा ब्रश चालवल्याने दात झिजतात आणि खाचेतला थर मात्र तेथेच राहतो. आतली बाजू, विशेषतः खालच्या पुढच्या दातांची, बहुतेक जण विसरतात. दोन मिनिटे हा वेळ बोलायला थोडा वाटतो. घड्याळ लावून घासून पाहिल्यावर कळते की रोजचे घासणे पाऊण मिनिटातच आटोपत होते. दोन दातांमधल्या फटीत ब्रश पोचत नाही, आणि हिरड्यांचा आजार बहुधा त्या फटींतच सुरू होतो. तेथे दिवसातून एकदा दातांसाठीचा धागा किंवा फटींसाठीचा बारीक ब्रश फिरवावा. पहिले तीन-चार दिवस रक्त थोडे अधिकच दिसेल. त्याने थांबू नये. आठवड्याभरात ते कमी होते, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस बहुधा थांबते.

पेस्टमधील प्राणिज घटकांविषयी अनेक जैन घरांत शंका असते आणि त्यापायी काही जण पेस्टबरोबर ब्रशही सोडतात. त्याची गरज नाही. हिरड्यांपुरते पाहिले तर काम ब्रशचे केस करतात. पेस्ट मदतनीस आहे. दात किडू नयेत म्हणून फ्लोराइडयुक्त पेस्ट उपयोगी असते हे खरे, पण मनाजोगती पेस्ट मिळेपर्यंत नुसत्या ओल्या ब्रशने घासणेही बोटाच्या मंजनापेक्षा कितीतरी चांगले.

आता प्रश्न रात्रीच्या घासण्याचा. दंतवैद्य सांगतात, झोपण्यापूर्वीचे घासणे सर्वांत महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जिवाणूंना मोकळे रान मिळते. चौविहार पाळणारे मात्र सूर्यास्तानंतर तोंडात पाणी घेत नाहीत, त्यामुळे अनेक घरांत दिवसातून एकदाच, सकाळी, दात घासले जातात. खरे तर चौविहार ही दातांच्या दृष्टीने मोठी सोय आहे. संध्याकाळचे जेवण आटोपल्यावर, पच्चक्खाण घेण्यापूर्वी पाच मिनिटे राखून ठेवावीत आणि तेव्हाच नीट ब्रश करावा. मावळात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर; म्हणजे थाळी थोडी लवकर वाढली की झाले. त्यानंतर नवकारशीपर्यंत बारा तासांहून अधिक काळ तोंडात अन्नाचा कण जात नाही. रात्री साडेदहाला बिस्कीट खाऊन झोपणाऱ्याला ही सवलत मिळत नाही.

शेजारच्या काकूंच्या लिंबाची गोष्ट मोठी जुनी आहे, आणि तिचा एक धागा कोकण किनाऱ्याशी जोडलेला आहे. वास्को द गामाची जहाजे परतीच्या प्रवासाला ऑक्टोबर १४९८ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाली. वारा प्रतिकूल होता. अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेचा किनारा दिसायला जानेवारी १४९९ उजाडला. त्या तीन महिन्यांत खलाशांच्या हिरड्या इतक्या सुजल्या की दातांवर चढल्या आणि खाणे अशक्य झाले. सुमारे ३० माणसे दगावली. तो स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. १७४७ साली जेम्स लिंड या नौदलाच्या शल्यवैद्याने सॅलिसबरी जहाजावरील आजारी खलाशांच्या जोड्या करून निरनिराळे उपचार दिले, तेव्हा संत्री आणि लिंबे खाणारी जोडी झपाट्याने बरी झाली. योगायोग असा की त्याच्याही प्रयोगात माणसे बाराच होती.

पण स्कर्व्ही व्हायला ताजी फळे-भाज्या जवळजवळ पूर्णपणे बंद होऊन एक ते तीन महिने लोटावे लागतात. आठ दिवसांच्या उपवासाने किंवा आयंबिलाच्या नऊ दिवसांच्या ओळीने तो होत नाही. कंदमुळे वर्ज्य असल्याने जैन आहारात हे जीवनसत्त्व कमी पडते, हा समजही निराधार आहे; आवळा, पेरू, लिंबू, ढोबळी मिरची, पपई हे सारे जमिनीच्या वरच पिकते. अपवाद एकच ध्यानात ठेवावा. चातुर्मासाचे चारही महिने हिरवे काहीच न घेणारे, फळेही सोडणारे आणि वयाने थकलेले जे कोणी असतील, त्यांच्या हिरड्या सुजल्या, पायांवर कारण नसताना निळसर डाग उठले, जखम भरेना, तर डॉक्टरांना आपला आहार मोकळेपणाने सांगावा. बाकीच्यांनी लिंबू जरूर घ्यावे, पण सरबतात. चोखत बसू नये. आम्लाने दातांचे आवरण झिजते आणि हिरडीवरचा थर तसाच राहतो.

मावशींचा दावा अधिक गंभीरपणे ऐकायला हवा. तंबाखू भाजून केलेली मिश्री ग्रामीण महाराष्ट्रात असंख्य स्त्रिया सकाळी दातांना लावतात. मारवाडी-गुजराती घरांतल्या जुन्या पिढीत तपकीर हिरडीला चोळण्याची सवय होती आणि काही ठिकाणी अजून आहे. या सवयीत रक्त खरोखरच कमी दिसते. तंबाखूमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्यांचा प्रतिसादच मंदावतो. घराला आग लागली आहे आणि धोक्याची घंटा मात्र कोणीतरी काढून ठेवली आहे, असा हा प्रकार. आत हाड झिजत राहते आणि बाहेर हिरडी फिकट, कोरडी, सोज्वळ दिसते. तंबाखू असलेल्या पेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला अशी बंदी कोण घालणार? ती सोडल्यावर काही आठवड्यांत हिरड्यांतून पूर्वी कधी न आलेले रक्त येऊ लागते आणि बाया घाबरून पुन्हा डबीकडे वळतात. नेमके तेव्हाच त्यांना कोणीतरी धीर द्यायला हवा की घंटा पुन्हा वाजू लागली आहे, इतकेच.

राहिल्या सासूबाई. त्यांना रक्त येत नाही, दुखतही नाही. पण गेल्या वर्षापासून त्या बाजरीची भाकरी दुधात कुस्करून खातात, खालचे पुढचे दोन दात जिभेने ढकलले की हलतात, समोरच्या दातांत पूर्वी नसलेली फट पडली आहे आणि तोंडाला वास येतो म्हणून त्या उपाश्रयात पदर ओठांशी धरून बोलतात. रक्तदाबाची गोळी चालू आहे, साखर वाढलेली असते. हे सारे त्यांच्या हिशेबी वयाचे देणे आहे.

सुश्रुताने निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात दातांच्या मुळांशी होणारे १५ रोग सांगितले आहेत. त्यांतला पहिला शीताद: हिरड्यांतून अकस्मात रक्त येते, त्या मऊ होतात, दुर्गंधी सुटते. पुढे दंतवेष्ट: पू आणि रक्त वाहते आणि दात हलू लागतात. आज दंतवैद्य ज्या दोन अवस्था वेगळ्या मानतात, हिरडीपुरता दाह आणि दाताच्या आधारापर्यंत पोचलेला रोग, त्यांची चित्रे येथे शेजारी-शेजारी दिसतात. दुसऱ्या अवस्थेला लोक पायोरिया म्हणतात. त्यात हिरडी आणि दात यांच्यामधली खाच चार, पाच, सहा मिलिमीटरपर्यंत खोल होते, जिवाणू खाली उतरतात आणि दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड वितळत जाते. पहिल्या अवस्थेतून माणूस पूर्ण परत येतो. दुसरीत गेलेले हाड सहसा परत येत नाही. उपचाराने पुढची झीज थांबवता येते.

प्रत्येकाची पहिली अवस्था दुसरीत जाते का? याचे उत्तरही लोए यांनीच शोधले, आणि ते भारताच्या शेजारी. १९७० सालापासून १५ वर्षे श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरील ४८० पुरुष मजुरांच्या दातांचा त्यांनी मागोवा घेतला. हे मजूर दात घासत नसत आणि दंतोपचार त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते. हिरड्या जवळजवळ सर्वांच्याच सुजलेल्या होत्या. तरी सुमारे ११ टक्के मजुरांचा आजार हिरडीपुरताच राहिला, ८१ टक्क्यांत तो मध्यम गतीने खाली उतरला, आणि ८ टक्के जणांत इतक्या वेगाने की ऐन तारुण्यात दात गळू लागले. आपण कोणत्या गटात आहोत हे आरशात पाहून कळत नाही. ते कळते दंतवैद्याच्या बारीक मोजपट्टीच्या सळईने आणि क्ष-किरण चित्राने. रक्त थांबले की नाही यावरून तर मुळीच कळत नाही, हे सासूबाईंच्या उदाहरणात दिसतेच: ब्रश हिरडीपर्यंत पोचेनासा झाला म्हणून रक्त दिसेनासे झाले.

मधुमेह आणि हिरड्या एकमेकांचे वैरी आहेत. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा रोग वेगाने पसरतो; हिरड्यांत जुनाट संसर्ग असला की साखर आटोक्यात येत नाही. हिरड्यांवर उपचार झाल्यावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत थोडी सुधारणा झालेली अनेकदा आढळते. सासूबाईंसारख्या प्रत्येक मधुमेही व्यक्तीने डोळे आणि पाय तपासून घ्यावेत तसे दातही वर्षातून किमान एकदा दाखवावेत. औषधांचाही विचार हवा. रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनी आणि अपस्मारावरच्या फेनिटॉइनने काहींच्या हिरड्या फुगून दातांवर वाढतात. हृदयविकारानंतर दिलेल्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी थोड्या सुजेतूनही अधिक रक्त येते. अशी कोणतीही गोळी आपणहून बंद करू नये. दंतवैद्याकडे जाताना गोळ्यांची पाकिटेच बरोबर न्यावीत. गर्भवती स्त्रियांच्या हिरड्या संप्रेरकांच्या बदलामुळे लवकर सुजतात. 'बाळंतपणानंतर पाहू' म्हणून त्यांना थांबवले जाते, ते बरोबर नाही. दात साफ करून घेणे गरोदरपणात सुरक्षित असते आणि मधले तीन महिने त्यासाठी सर्वांत सोयीचे.

मग जायचे केव्हा? नीट घासूनही दोन आठवड्यांनंतर रक्त येत असेल तर जावे. दात हलत असतील, त्यांत नवी फट पडली असेल, हिरडी खाली सरकून दात लांब दिसू लागले असतील, दाबल्यावर पू येत असेल, तोंडाची दुर्गंधी हटत नसेल तर दोन आठवडेही थांबू नये. एकाच जागी सतत रक्त येणारी गाठ, तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे, ही लक्षणे तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्याने एक दिवसही लपवू नयेत. जेवणानंतरच्या मुखवासातली सुपारीही सुपारीच असते.

काही वेळा मात्र दंतवैद्याकडे नव्हे, थेट रुग्णालयात जायला हवे. स्वच्छ कापडाचा बोळा पंधरा-वीस मिनिटे घट्ट दाबून धरूनही रक्त थांबत नसेल. हिरड्यांबरोबर नाकातून रक्त येत असेल किंवा अंगावर कारणाशिवाय लाल ठिपके, निळे डाग उठत असतील. विलक्षण थकवा, फिकेपणा आणि हिरड्यांची सूज एकदम आली असेल. चेहरा सुजून गिळणे वा तोंड उघडणे कठीण झाले असेल, तर त्याच दिवशी. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत मावळातल्या घरांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: ताप आलेल्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त येणे हे डेंग्यूमधले धोक्याचे चिन्ह असू शकते. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या ही त्याची सोबती लक्षणे. अशा तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळी घरच्या घरी देऊ नये, आणि तेव्हा हिरड्यांना लवंगतेल लावत बसण्याइतका वेळ नसतो.

कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्याने सुजेला तात्पुरता आराम मिळतो. त्यांना नाव ठेवायचे कारण नाही. हळद, लवंग, तेलाच्या गुळण्या यांचेही तसेच. त्यांनी कीटण सुटत नाही, एवढे कळले म्हणजे झाले. राखुंडीसारखी खरखरीत मंजने मात्र टाळावीत. औषधांच्या दुकानातून स्वतःहून प्रतिजैविकांची पाकिटे आणणे त्याहून वाईट. दोन दिवस बरे वाटते आणि खरे काम लांबते.

ते काम म्हणजे यंत्राने कीटण काढून घेणे. याविषयी एक भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे की सफाईने दात हलतात. होते असे: हाड झिजून आधीच सैल झालेले दात कीटणाच्या दगडाने एकमेकांना जखडून धरलेले असतात. दगड निघाला की त्यांची खरी अवस्था उघडी पडते, त्यांच्यामधल्या फटीही मोकळ्या दिसतात, काही दिवस थंड पाणी झोंबते. लोक दोष सफाईला देतात. सासूबाईंना हीच भीती होती. "आहेत तेवढे दात तरी राहू देत," असे म्हणत त्यांनी दोन वेळा जाणे टाळले होते. सूनबाईंनी वाद घातला नाही. आठ दिवसांत स्वतःचे रक्त थांबल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "आई, मी दात दाखवायला चाललेच आहे. तुम्ही नुसत्या सोबत चला."

मळवलीसारख्या गावातून हे फार अवघड नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य नसला तरी तेथील डॉक्टर योग्य जागी पाठवू शकतात. लोणावळा आणि तळेगाव येथे दंतचिकित्सक आहेत. खर्चाची चिंता असेल तर लोकलने पुण्याच्या दिशेला जाऊन पिंपरीतले किंवा पुण्यातले दंत महाविद्यालय गाठता येते. तेथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, खर्च खासगी दवाखान्याहून बराच कमी येतो, फक्त सकाळची गाडी पकडून रांगेत बसण्याची तयारी हवी. भाज्याच्या मावशींनाही त्याच गाडीत घेऊन जाता आले तर आणखी बरे.

तपाचा संकल्प करणाऱ्यांसाठी एक सूचना उरते. दातांची तपासणी आणि सफाई आषाढात, चातुर्मास बसण्यापूर्वी करून घ्यावी. कोरी पाटी घेऊन उपवासाला बसणाऱ्याच्या हिरड्या आठ दिवस सहज तग धरतात. मधुमेह असणाऱ्यांनी गोळ्यांचे काय करायचे हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. तिविहार उपवासात दिवसा उकळलेल्या पाण्याने खळखळून चूळ भरणे किंवा कोरडा मऊ ब्रश फिरवणे आपल्या पच्चक्खाणात बसते का, हे ज्यांच्याकडून पच्चक्खाण घेतले त्या महाराजसाहेबांना विचारून घ्यावे. परंपरेनुसार उत्तरे वेगळी येतील. पारण्याच्या दिवशी मुगाचे पाणी आणि राब घेऊन झाली की पोट जितक्या हळुवारपणे पुन्हा सुरू करायचे, तितक्याच हळुवारपणे ब्रशही त्याच दिवशी सुरू करावा.

सासूबाईंचे क्ष-किरण चित्र निघाले तेव्हा पुढच्या दोन दातांभोवतीचे हाड निम्म्याहून खाली गेलेले होते. दाढांभोवतीचे मात्र बऱ्यापैकी शाबूत होते. चार भेटींत कीटण निघाले, खोल खाचा साफ झाल्या, दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचे ठरले. पहिल्या भेटीनंतर घरी त्यांनी चार वर्षांनी मऊ ब्रश हातात घेतला. बेसिनमध्ये लाल रेघ उमटली. या वेळी त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही.